ऊसतोडीच्या फडावर बिबट्याची शिकवणी

जुन्नर भागात बिबट्याबद्दल जनजागृती करायची, तर सुरुवात शाळा आणि ग्रामपंचायतीपासून होते. शाळेचं सोपं असतं, वनखात्याचं पत्र दाखवलं की तास मिळतो. ग्रामसभेत मात्र पहिला प्रश्न ठरलेला: "पिंजरा कधी लावताय?"

मग मी वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांचा अभ्यास सांगतो. 2001 पासून इथले बिबटे धरून दुसऱ्या जंगलात सोडायला लागले, आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते ते 17 वर गेले. लोक ऐकून घेतात. पण ज्याची शेळी गेली त्याला पंचनाम्याचं काय झालं ते हवं असतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. त्यामुळे तिथं भाषण कमी आणि भरपाईचे अर्ज भरून देणं जास्त.

खरी गोची पुढं आहे. मादी उसात विते आणि पिल्लं सापडतात ती तोडणीत, म्हणजे ऊसतोड कामगारांना. ही माणसं बीडकडून येतात, रानाच्या कडेला कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, टाकतात. त्यांना ना ग्रामसभेचं बोलावणं, ना त्यांची पोरं इथल्या शाळेच्या पटावर.

फडावर गेलो तर मुकादम अंगावरच आला. "तोड थांबली अन् गाडी भरली नाही, तर पैसे तुम्ही देणार का?" बिनतोड सवाल! तेव्हापासून संध्याकाळी कोप्यांवर जायला लागलो, चुली पेटल्यावर. उद्या कोणाचा फड तुटणार हे कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस, सांगतो. या सगळ्या कामात सर्वांत उपयोगी माणूस कोण म्हणाल तर तोच.

बोलायचं थोडकंच. पिल्लू दिसलं की कोयता थांबवायचा, हात लावायचा नाही, फोटोसाठी उचलायचं तर अजिबात नाही. मागं सरायचं आणि 1926 ला फोन. वनखात्याची माणसं संध्याकाळी पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात. बहुतेक वेळा आई रात्रीत घेऊन जाते. पिल्लं हलवली तर ती शोधत फिरते, आणि आसपास कोप्या असतात.

हे सांगत होतो तेव्हा एका बाईनं विचारलं, "आमचं तान्हं कुठं ठेवायचं?" झोळी बांधलेली होती बांधावरच्या झाडाला, उभ्या उसापासून चार पावलांवर. सावली तेवढीच होती. माझ्या पत्रकात यावर एक ओळ नव्हती. शेवटी झोळी तुटलेल्या रानात, बैलगाडीखाली बांधली आणि एका म्हातारीला तिथं बसवलं. मुकादमानं कुरकुर केली, पण एक माणूस कमी चालवून घेतला.

आता कारखान्याच्या गट ऑफिसातून तोडणीच्या कार्यक्रमाची एक प्रत मला आणि एक वनरक्षकाला मिळेल, असं कबूल करून घेतलंय. पत्रकही नव्यानं छापायला टाकलंय. त्यात झोळी पहिल्या ओळीत आहे, पिंजरा शेवटच्या.