तुम्ही विचारलंत म्हणून: शार्लटचं मरण मी का गाळत नाही

‘मुलांसाठीच वाचता ना? मग तेवढं एक प्रकरण गाळा की.’ ‘शार्लट्स वेब’ वाचायला घेतलं, की वाचनवर्गाच्या पालकांपैकी कुणीतरी हे म्हणतंच. विल्बर हे डुक्कर आणि शार्लट ही कोळीण यांची मैत्री सगळ्यांना गोड वाटते. ओळख होताच शार्लट सांगून टाकते की ती किड्यांचं रक्त पिते. त्यावर आजवर एकाही पालकाची तक्रार आलेली नाही. जाळ्यात शब्द विणून ती विल्बरला सुरीपासून वाचवते, तेही चालतं. ती मरते, तेवढं नको.

पूर्वी मी तावातावाने सांगायचे, मुलं सगळं पचवतात. कशाच्या जोरावर म्हणायचे, कोण जाणे.

पुस्तकाचे लेखक ई. बी. व्हाइट यांचं अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या शेतावरचं डुक्कर आजारी पडून मेलं. त्यावर त्यांनी १९४८ साली लेख लिहिला. १९५२च्या या पुस्तकात डुक्कर जगलं, पण मरण काही टळलं नाही. ५१४ अंडी घालून शार्लट संपते, जत्रा उठलेल्या मैदानात, जवळ कुणी नसताना.

कोविडनंतरच्या तुकडीत आठेक वर्षांचा एक मुलगा होता. तिथं आल्यावर त्याने मला थांबवलं. ‘कुणीच का नव्हतं?’

‘विल्बरला ट्रकमधून घरी नेत होते ना,’ एक मुलगी म्हणाली.

‘मग त्यानं उतरायचं!’ तो ओरडला. ‘माझ्या आजोबांजवळ सगळे होते.’

त्याची आई न्यायला येऊन दारात उभी होती. नंतर जिन्यात म्हणाली, ‘मॅडम, कुणीच नव्हतं. आयसीयूत सोडतच नव्हते. त्याला आम्ही खोटं सांगितलंय.’

मी म्हटलं, शेवटचं प्रकरण तरी ऐकू द्या त्याला.

‘त्यानं काय होणार?’

पुढच्या शनिवारी तो आला. शार्लटची पिल्लं वाऱ्यावर उडून जातात, तीन मागे राहतात, हे ऐकून हसलासुद्धा. त्यावरून माझं बरोबर ठरतं असं नाही. घरी त्याला काय सांगितलं, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

तरी गाळणार नाही. अंडी घालायची वेळ जवळ आलेली असताना शार्लट विल्बरसाठी जत्रेला जाते. पुढचं काढलं, तर उरते फक्त एक हुशार कोळीण. हल्ली मी पालकांना शेवट आधी सांगते. काही जण त्या शनिवारी मुलांना पाठवत नाहीत. नका पाठवू. पण गाळून वाचा म्हणू नका.