काकड्याचा स्वेटर: माप श्वास भरून घ्यायचं

कोजागिरीला सुरू झालेला काकडा कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालतो. महिनाभर पहाटे चारला देवळाच्या गार फरशीवर बसायचं. जाड बाह्यांचा स्वेटर घातला की टाळ वाजवताना कोपर अडतं. म्हणून मी काकड्यासाठी बिनबाह्यांचा, व्ही गळ्याचा विणते. पोळ्याला टाके घातले तर कोजागिरीपर्यंत दीड महिना मिळतो. पण तोवर कापसाची पहिली वेचणी लागते, बोंडाच्या टोकांनी बोटं फाटतात आणि लोकरीचा तंतू त्या भेगांत अडकतो. रात्री बोटांना खोबरेल चोळून ठेवावं. विणायला बसण्याआधी मात्र हात पुसून घ्यावेत, नाहीतर फिकी लोकर तेलकट होते.

गाणाऱ्याचा स्वेटर आणि बाजारात घालायचा स्वेटर यांत खरा फरक मापाचा. छाती मोजताना माणूस गप्प उभा असतो. गाताना, लांब ओळीआधी श्वास भरला की खालच्या बरगड्या रुंदावतात. छत्तीसची छाती सहज साडेसदतीस होते. म्हणून मी टेप गुंडाळून "सा लावण्याआधी घेता तसा श्वास घ्या" म्हणते आणि तेच माप धरते. वर अडीच इंच सैल. म्हणजे घेर ४० इंच, पाठ २० आणि पुढचा भाग २०. एवढं सैल धरलं नाही तर दोन अभंगांतच बाई स्वेटर वर ओढायला लागते.

लोकर चार पदरी ॲक्रिलिक, ३०० ग्रॅम. एकदमच घ्यावी आणि प्रत्येक गुंडीच्या पट्टीवरचा लॉट नंबर जुळवून घ्यावा. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, अंगणातल्या उन्हात दिसतो. लॉट जुळलाच नाही तर दोन ओळी एका गुंडीच्या, दोन दुसरीच्या, असं आलटूनपालटून विणावं. म्हणजे जोड उठून दिसत नाही. सुया ९ आणि ११ नंबरच्या. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते: ९ म्हणजे पावणेचार मिलिमीटर, ११ म्हणजे तीन. गडद निळी किंवा काळी लोकर संध्याकाळच्या कामाला घेऊ नये. लाइट गेली की टाकाच दिसत नाही.

नमुना विणायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, मलाही येतो. पण ९ नंबरवर ३३ टाके घालून सहा इंच विणते, धुते, वाळवते आणि मधले चार इंच मोजते. कडेचे टाके ओढलेले असतात, ते मोजायचे नाहीत. चार इंचात २२ टाके आणि २८ ओळी यायला हव्यात. २२ च्या जागी २४ आले तर तेच ११० टाके सव्वाअठरा इंचांतच बसतात आणि घेरात सव्वातीन इंचांहून जास्त जातं. तेव्हा हात सैल करायच्या भानगडीत पडू नये. ८ नंबरची सुई घ्यावी.

पाठीला ११० टाके. घालताना ९ नंबरवर घालते, बॉर्डर ११ वर विणते, नाहीतर खालची कड दोरीसारखी आवळते. दोन सुलट, दोन उलट अशी बॉर्डर अडीच इंच. ११० म्हणजे चारचा पाढा अधिक दोन, त्यामुळे दोन्ही कडांना दोन-दोन सुलट येतात. पाठीची बॉर्डर मी पुढच्यापेक्षा दहा ओळी जास्त करते आणि बाजूची शिवण बॉर्डरच्या वर थांबवते. मांडी घालून बसलं की स्वेटर मागून वर सरकतो आणि पहाटेचा वारा नेमका कमरेत शिरतो. मग ९ नंबरवर साध्या विणीच्या, म्हणजे एक ओळ सुलट, एक उलट अशा ८० ओळी.

बॉर्डर आणि या ८० ओळी भजनी मंडळात बसून होतात. गाताना नाही, पेटीवाली चाल बसवत असते तेव्हा. भजनी ठेका आठ मात्रांचा, बॉर्डर चार टाक्यांची, त्यामुळे दोन्ही जुळून जातात. सहा मात्रांचा दादरा लागला की मात्र दोन-दोनची बॉर्डर हटकून चुकते, कारण हात ठेक्यामागे जातो. आणि लय चढली की टाके आवळतात. द्रुत भजनात विणलेल्या चार-पाच ओळी नंतर पट्ट्यासारख्या वेगळ्या दिसतात, हे मोजूनही पाहिलं आहे. प्रत्यक्ष प्रार्थनेला सुई पिशवीत.

मुंढ्यापासून, म्हणजे काखेच्या खाचेपासून वर मात्र घरीच, एकटीनं. पाठीला दोन्ही बाजूंनी ८-८ टाके बंद, मग दर सुलट ओळीला दोन्ही कडांना एकेक कमी, असं दहा वेळा. उरतात ७४: खांदे २२-२२, मधे गळ्याचे ३०. मुंढा ६० ओळींचा, साडेआठ इंच.

पुढचा भाग मुंढ्याच्या सुरुवातीलाच ५५-५५ असा दुभागायचा. मुंढ्याची घट दर दुसऱ्या ओळीला, गळ्याची दर चौथ्या ओळीला, गळ्याच्या बाजूला एकूण १५. म्हणजे ५५ मधून ८, १० आणि १५ गेले की २२ उरतात. पहिल्या वीस ओळींत पाच वेळा दोन्ही घट एकाच ओळीत येतात आणि चूक तिथेच होते. मुंढ्याच्या नादात गळा राहतो, मग खांद्याशी पंचवीस टाके उरतात आणि व्ही एका बाजूला कलतो. मी वहीत ओळींचे आकडे आधीच लिहून ठेवते आणि गुणगुणणंही बंद करते. घट कडेच्या टाक्यावर न करता दोन टाके सोडून आत केली तर गळ्याची कड साफ येते आणि नंतर टाके उचलणं सोपं जातं.

खांदे शिवून गळ्याची पट्टी ११ च्या चार सुयांवर, एक सुलट, एक उलट. गळ्याच्या प्रत्येक कडेला चार ओळींना तीन टाके उचलायचे, म्हणजे ६० ओळींना ४५. ओळीला एक टाका उचलला तर पट्टी झालरीसारखी फुगते. मागच्या गळ्याला ३० ऐवजी ३१ उचलते आणि व्हीच्या टोकाला मधला धागा उचलून एक टाका करते. त्या मधल्या टाक्याच्या दोन्ही अंगांना उलट टाका यायला हवा, आणि तो टाका सोडून बाकीच्या १२० वर हिशोब बसत नाही, १२१ वर बसतो. टोकाला एक फेरी सोडून एक, तीन टाक्यांचा एक. सात फेऱ्या झाल्या की ९ नंबरच्या सुईनं बंद, म्हणजे डोकं अडत नाही.

मुंढ्याची पट्टी बाजू शिवायच्या आधीच: ४५, ४५ आणि बंद केलेले ८-८, एकूण १०६. हाही चारचा पाढा अधिक दोन. मग पट्टी आणि बाजू एकाच शिवणीत.

उंच गळा का नाही, असं दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं. वर स्वर लावताना हनुवटी त्यावर टेकते आणि घाम आला की ॲक्रिलिक टोचतं. त्यापेक्षा वेगळा मफलर बरा, पहिले दोन अभंग गुंडाळून ठेवायचा आणि मग सोडायचा. तसाही पहाटे आवाज जड असतो. संध्याकाळी पेटीच्या काळी चारवर गाणारं आमचं मंडळ काकड्याला त्याखालच्या काळी तीनवर बसतं.

मफलरची टोकं मात्र स्वेटरच्या आत खोचून ठेवावीत. ॲक्रिलिक जळून राख होत नाही, वितळून कातडीला चिकटतं. दवानं उतरलेली खंजिरी शेकायला शेकोटीशी वाकलं किंवा काकडा ओवाळला की ठिणगी उडतेच. इस्त्रीही करायची नाही, बॉर्डरची लवचीकता कायमची जाते. धुतल्यावर पिळू नये. दोरीवरही टाकू नये, पाण्याच्या वजनानं तो लांबतो. टॉवेलात गुंडाळून दाबावा आणि बाजेवर आडवा पसरावा.