सभासद गेल्यावर फ्लॅट कोणाचा?

सोसायटीत नॉमिनेशनचा फॉर्म भरला की घरातली माणसं निश्चिंत होतात. फॉर्म भरायलाच हवा, पण त्याने फ्लॅट नॉमिनीच्या मालकीचा होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यातल्या कलम 154ब-13 प्रमाणे नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं, तेही खरा वारस किंवा मृत्युपत्राने हक्क मिळालेली व्यक्ती सभासद होईपर्यंतच. मेंटेनन्स कोणाकडून घ्यायचा, सभेची नोटीस कोणाला द्यायची, एवढा सोसायटीचा प्रश्न त्याने सुटतो. मालकी ठरते वारसा कायद्याने. विम्याच्या पैशांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये, तेव्हाच्या विमा कायद्याप्रमाणे, आणि कंपनीच्या शेअर्सबद्दल 2023 मध्ये हेच सांगितलं आहे: नॉमिनी झाला म्हणून वारसांचा हक्क जात नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दोघांच्या नावावरच्या फ्लॅटचा. समजा, फ्लॅट नवरा-बायकोचा, निम्मा-निम्मा. नवरा मृत्युपत्र न करता गेला. मागे बायको, दोन मुलं आणि त्याची आई. सोसायटी शेअर सर्टिफिकेटवरून त्याचं नाव कमी करते, बायकोचं पुढे आणते, आणि सगळ्यांना वाटतं की काम झालं. प्रत्यक्षात हिंदू वारसा कायद्याप्रमाणे (तो बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे) त्याच्या निम्म्या हिश्श्याचे चार सारखे वाटे पडतात, म्हणजे प्रत्येकी एक अष्टमांश. बायकोकडे स्वतःचा निम्मा धरून होतात पाच अष्टमांश. बाकीचे तीन तिचे नाहीत.

या हिशेबात आईला हमखास विसरतात. पुढे ती मृत्युपत्र न करता गेली की तिचा अष्टमांश तिच्या सगळ्या मुलामुलींकडे जातो, म्हणजे दीर आणि नणंदाही फ्लॅटमध्ये वाटेकरी होतात. फ्लॅट विकायला काढला की खरेदीदाराला कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील नेमकं हेच विचारतो, आणि मग परगावी, परदेशी असलेल्या माणसांच्या सह्या गोळा करत बसावं लागतं. आईला वाटा सोडायचा असेल तर तिच्या हयातीतच कागद करून घ्यावा. तिला सोडायचा नसेल तर तो तिचा हक्क आहे. म्हातारपणी डोक्यावर छप्पर राहावं म्हणून ती तो राखणार असेल तर तिच्यावर दडपण आणू नये.

हा कागद म्हणजे हक्कसोडपत्र, आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच हवं. स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केलेल्या हक्कसोडपत्राने मालकी जात नाही, तरी अशी सर्रास केली जातात. हक्कसोडपत्र सहहिस्सेदाराच्याच नावे होतं, तिऱ्हाइताच्या नाही. एखादं मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेल तर त्याच्या आईला पालक म्हणून त्याचा वाटा परस्पर सोडता किंवा विकता येत नाही. न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. ती न घेता केलेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत रद्द करून मागू शकतं.

आता सोसायटीचं काम. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली, म्हणजे मॉडेल बाय-लॉज) नॉमिनेशनचा फॉर्म तीन प्रतींत द्यायचा. पहिल्या वेळी फी नाही. फॉर्म सेक्रेटरीच्या हातात दिला म्हणजे झालं असं नाही. तो कमिटीच्या सभेपुढे जाऊन इतिवृत्तात यावा लागतो आणि सभेनंतर सात दिवसांत नॉमिनेशन रजिस्टरला चढवावा लागतो. आपली प्रत परत घेताना त्यावर सभेची तारीख आणि रजिस्टरचा अनुक्रमांक लिहून घ्या. फाइलमध्ये नुसताच पडलेला, कुठेही नोंद नसलेला फॉर्म ऐन वेळी वादाचं कारण होतो.

सभासद गेल्यावर नॉमिनीने सहा महिन्यांत अर्ज करायचा. नॉमिनेशनच नसेल तर सोसायटी सूचना फलकावर आणि दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर सूचना देऊन दावे-हरकती मागवते. सगळे वारस एकमताचे असतील तर कौटुंबिक व्यवस्थेचा दस्तही (फ्लॅट कोणाकडे जाणार हे आपसात ठरवून केलेला कागद) कायद्याला चालतो. वारसाच्या नावे हस्तांतर करताना सोसायटीला प्रीमियम, म्हणजे हस्तांतरासाठीची वेगळी जादा रक्कम, घेता येत नाही. प्रवेश फी आणि हस्तांतर फी मिळून सहाशे रुपयांत हे व्हायला हवं. ‘डोनेशन’ मागितलं तर लेखी मागणी द्या म्हणावं. वीजबिल, घरपट्टी यांवर नाव लावून घ्या, पण त्याने मालकी सिद्ध होत नाही.

स्वतःच्या कमाईतून फ्लॅट घेतलेल्या बायकांनी एक कलम जरूर पाहावं: हिंदू वारसा कायद्याचं कलम 15. नवरा हयात नाही, मूलबाळ नाही आणि मृत्युपत्रही नाही, अशी स्त्री गेली तर तिचा फ्लॅट आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो. तिचे स्वतःचे आई-वडील त्यांच्यानंतर येतात. मला हे कलम अन्यायाचं वाटतं, पण आज कायदा तोच आहे आणि त्यावर उपाय मृत्युपत्र हाच आहे. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर स्वतःची सही आणि आपल्यासमोर सही करणारे दोन साक्षीदार हवेत. ज्याला फ्लॅट मिळणार त्याला साक्षीदार करू नका. फ्लॅटचं वर्णन लिहिताना करारनाम्याचा नोंदणी क्रमांक आणि शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक घाला, आणि मूळ कागद कुठे ठेवलाय ते घरात एकाला तरी सांगून ठेवा.