गांधीजींचं एक पत्र वर्गात नेताना

आठवीला सविनय कायदेभंगाचा धडा आला की पोरं दांडीयात्रेच्या तारखा पाठ करतात आणि विसरतात. यंदा ठरवलं, यात्रेच्या दहा दिवस आधी, २ मार्च १९३० ला, गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनला लिहिलेलं पत्रच वर्गात न्यायचं.

जुन्या कागदपत्रांची एक साइट सापडली. मोफत, पण नोंदणी सक्तीची. 'आपण कोण?' याला तीनच पर्याय: प्राध्यापक, संशोधक, विद्यार्थी. शाळेतला शिक्षक नाहीच! 'संशोधक' निवडलं तर मार्गदर्शकाचं पत्र मागितलं. मग 'प्राध्यापक' निवडून मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं पत्र चढवलं. फाइल मोठी म्हणून परत आलं. लहान केली, तर अस्पष्ट म्हणून परत. ओटीपी यायचा तो मुदत संपल्यावर. धडा पुढे ढकलत राहिले. नवव्या दिवशी उत्तर आलं: 'आपली संस्था यादीत नाही.' अजून आठवलं की संताप होतो. बहुतेक पोरांना इतिहास शाळेतच भेटतो, नंतर नाही. मग शाळेच्या शिक्षकालाच दाराबाहेर का ठेवायचं?

शेवटी गांधी हेरिटेज पोर्टलवर गेले. गांधीजींच्या समग्र लेखनाचे इंग्रजी १०० खंड तिथे वाचता येतात. पत्र ४३व्या खंडात मिळालं. एक सांगते, याच लेखनाची ९८ खंडांची ई-आवृत्तीही फिरते आणि तिचे क्रमांक वेगळे आहेत. म्हणून खंडापेक्षा तारखेनं शोधा. रात्री बसून हवा तेवढा भाग मराठीत केला.

पत्रात हिशेब आहे. व्हाइसरॉयला महिन्याला २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला ७०० हून जास्त. भारतीय माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहूनही कमी. "बाई, आणा म्हणजे?" इथून सुरुवात झाली. रुपयाचे १६ आणे सांगितले आणि खडू पोरांच्या हाती दिला. फळ्यावर आलं ५,६०० पट. पत्रात गांधीजींनीही पाच हजार पटींहून बरंच जास्त असंच म्हटलंय, हे वाचून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरचीही उठून उभी राहिली. मला फार बरं वाटलं.

हो, पानं आधीच पेनड्राइव्हवर घ्या. शाळेतलं नेट ऐन तासाला जातं.

"आयर्विननं काय उत्तर दिलं?" एकीनं विचारलं. सेक्रेटरीकडून मोजक्या शब्दांत खेद कळवला, एवढंच सांगितलं. ते उत्तर आता पुढच्या तासासाठी मराठीत करतेय.