उभा माउस आणि चाकाखालचं बोट

बाईंच्या तक्रारीच्या कागदावर तीनच ओळी होत्या. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत वरच्या बाजूने दुखतो. तीन आठवड्यांपूर्वी उभा माउस घेतला. तेव्हापासून अंगठ्याच्या मुळाशीही दुखायला लागलंय.

कामाच्या जागा तपासायला मला बोलावतात तेव्हा बहुतेकांचा प्रश्न "कोणता माउस घेऊ?" एवढाच असतो. इथे माउस घेऊन झाला होता आणि दुखणं एकाचं दोन झालं होतं. काम होतं इमारतींचे नकाशे काढण्याचं. ऑटोकॅड हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, दोन पडदे, दिवसाचे सहा तास, आणि त्यातला बहुतेक वेळ उजवा हात माउसवर.

टेबलाजवळ जाण्याआधी विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. बोटांना मुंग्या येतात का? रात्री हात बधिर होऊन जाग येते का? हातातून वस्तू निसटते का? अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांत मुंग्या असतील तर मनगटातून जाणारी मधली नस दाबली जात असण्याची शक्यता असते. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू बधिर होत असेल तर दुसरी नस, आणि ती मनगटापेक्षा कोपरापाशी जास्त वेळा दाबली जाते. यातलं काही असेल तर माउसची खरेदी थांबवून आधी डॉक्टर. या बाईंना तसं काही नव्हतं. जड दुखायचं, दुपारनंतर वाढायचं, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी उतरायचं. म्हणजे स्नायू आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) थकल्याची खूण.

मग पंजा मोजला. कोऱ्या कागदावर बोटं जुळवून तळहात ठेवायचा, मनगटाच्या घडीपाशी एक रेघ, मधल्या बोटाच्या टोकाला दुसरी. अंतर भरलं १६.८ सेंटिमीटर. अंगठा सोडून चारही बोटांच्या मुळाशी रुंदी ७.४. साधारणपणे १७ सेंटिमीटरच्या आतला पंजा लहान आणि १९ च्या पुढचा मोठा धरतात. हे आकडे काही शास्त्रवचन नाहीत, पण खोका उघडण्याआधी नको ते माउस बाजूला काढायला पुरतात. बोटं वाकवून माउस धरणाऱ्यांसाठी आणखी एक ढोबळ ठोकताळा आहे: माउसची लांबी पंजाच्या लांबीच्या ६० टक्क्यांच्या जवळपास. इथे ती आली १० सेंटिमीटर. बाईंचा उभा माउस होता १२ सेंटिमीटर लांब आणि जवळपास ८ उंच.

उभ्या माउसमागची कल्पना चांगली आहे. सपाट माउसवर तळहात जमिनीकडे करावा लागतो, म्हणजे कोपर ते मनगट या भागातलं एक हाड दुसऱ्यावरून आडवं जातं आणि सगळा भाग पिळलेला राहतो. उभ्या माउसवर हात हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा राहतो, पीळ बराच सुटतो. ज्यांचं दुखणं त्या पिळाचं आहे त्यांना फरक पडतो. पण मोठ्या आकाराचा उभा माउस लहान पंजात आला की तीन गोष्टी बिघडतात, आणि इथे तिन्ही बिघडल्या होत्या.

पहिली, बोटं बटणाच्या टोकापर्यंत पोचत नव्हती. माउसचं बटण मागच्या बाजूला बिजागरीसारखं अडकवलेलं असतं आणि आतला छोटा स्विच पुढच्या भागाखाली असतो. जितकं मागे दाबाल तितका जोर जास्त. हे मोजता येतं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्यायचा, माउस बटणं वर येतील असा त्यावर धरून आकडा शून्यावर आणायचा आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने क्लिक होईपर्यंत हळूहळू दाबायचं. बटणाच्या टोकाशी ७० ग्रॅम लागले. बाईंची तर्जनी जिथे पडत होती तिथे १३०.

दुसरी, सपाट माउसचं क्लिक टेबलाच्या दिशेने जातं आणि टेबल त्याला आधार देतं. उभ्या माउसचं क्लिक आडवं जातं, माउस सरकायला बघतो, आणि त्याला थोपवायचं काम पलीकडून अंगठा करतो. प्रत्येक क्लिकला अंगठ्याचा चिमटा! साध्या ईमेल-तक्त्यांच्या कामात हे खपून जातं. नकाशात एका रेषेचं टोक अचूक पकडायचं तर क्लिकच्या क्षणी माउस केसभरही हलून चालत नाही, म्हणून चिमटा आणखी घट्ट. तिसरी गोष्ट उंचीची: कीबोर्डवरून माउसवर येताना माउस कलंडू नये म्हणून हात दरवेळी वरून उचलून आणावा लागत होता.

अंगठ्याचा उलगडा झाला. कोपराखालचं दुखणं मात्र उभ्या माउसच्या आधीचं होतं, त्यामुळे नवा माउस बाजूला ठेवून जुना सपाट माउस पुन्हा जोडायला सांगितला. तो आकाराने वाईट नव्हता. १०.५ सेंटिमीटर, पाठ फार उंच नाही, मनगट सरळ. नुसता हात ठेवलेला बघून कोणीही "ठीक आहे" म्हणून उठलं असतं.

अशा वेळी हात ठेवलेला बघायचा नसतो, काम करताना बघायचा असतो. फोन एका डब्याला टेकवून दहा मिनिटं फक्त हाताचं चित्रण केलं आणि नंतर कागदावर रेघा मारत मोजलं. डावं क्लिक १०८. उजवं ११. चाक दाबून धरून नकाशा सरकवणं, म्हणजे पॅन, ९४ वेळा. दहा मिनिटांत ९४, सहा तासांत तीन हजारांच्या वर. नकाशावाल्यांना यात नवल वाटणार नाही. ऑटोकॅडमध्ये चाक फिरवलं की झूम, दाबून धरलं की पॅन, दोनदा दाबलं की अख्खा नकाशा पडद्यावर. चाक म्हणजे त्यांचं तिसरं बटणच. फक्त ते बटण म्हणून बनवलेलं नसतं.

तोच वजनकाटा पुन्हा घेतला. डावं बटण ६५ ग्रॅम. चाक १७० ग्रॅम, आणि तेही बोट गोल, अरुंद चाकावरून घसरू न देता, चाक फिरू न देता, सरकवणं संपेपर्यंत धरून. दाबतात बोट वाकवणारे स्नायू, पण त्यांच्या जोराने मनगट खाली कोसळू नये म्हणून उलट्या बाजूचे, पंजा वर उचलणारे स्नायू तितकेच ताणून धरावे लागतात. दुखत होते ते हेच. त्यात पॅन संपलं की चुकून झूम होऊ नये म्हणून मधलं बोट चाकावर अधांतरी. चित्रणात ते बोट दहा मिनिटांत क्वचितच कशावर टेकलेलं दिसत होतं. अधांतरी बोट विश्रांती घेतंय असं वाटतं, प्रत्यक्षात ते पूर्ण वेळ कामावर असतं.

उपाय सोपा वाटतो: पॅन अंगठ्याजवळच्या बाजूच्या बटणावर द्या. माउसच्या सॉफ्टवेअरमधून ते दोन मिनिटांत होतं. पण अंगठा आधीच दुखावलेला, त्याच्यावर आणखी तीन हजार दाब टाकायचे? अंगठ्याने फिरवायचा ट्रॅकबॉल याच कारणाने बाद झाला. बोटांनी फिरवायचा मोठ्या चेंडूचा ट्रॅकबॉल पुष्कळांना मानवतो, पण त्यावर एका बोटाने बटण धरून दुसऱ्यांनी चेंडू फिरवणं जरा कसरतीचंच, आणि यांचं निम्मं काम दाबून धरून सरकवण्याचं. उरला तो तीन खरी बटणं असलेला माउस: मधलं बटण डाव्या-उजव्यासारखं सपाट, आणि चाक त्यावर वेगळं बसवलेलं. कॅडसाठी, म्हणजे संगणकावर नकाशे काढण्यासाठी, असे माउस मिळतात. थ्रीडीकनेक्शन कंपनीचा कॅडमाउस त्याच जातीचा. मधल्या बटणाला ऑटोकॅडमध्ये वेगळं काही शिकवावं लागत नाही. पॅन होत नसेल तर एमबटनपॅन (MBUTTONPAN) ही सेटिंग १ वर आहे का बघायचं. चाकाच्या एका खाचेत झूम किती व्हावं ते झूमफॅक्टर (ZOOMFACTOR) ठरवतो, ३ ते १०० पर्यंत, मुळात ६०. तो थोडा वाढवला की चाक कमी फिरवावं लागतं.

इथवर आल्यावर थांबता आलं असतं, पण बाईंचा खांदा बघून थांबवेना. कोपर अंगापासून चांगलंच बाहेर होतं. कीबोर्डवरच्या जी आणि एच या कळांमधल्या रेषेपासून माउसच्या मध्यापर्यंत टेप लावली: ३९ सेंटिमीटर. मध्ये नंबरपॅड. माउस इतका लांब गेला की हात बाहेर पसरतो, मनगट करंगळीच्या बाजूला मुडपतं आणि कोणताही माउस गैरसोयीचा वाटायला लागतो. नेहमीचा सल्ला म्हणजे नंबरपॅड नसलेला कीबोर्ड घ्या, नऊएक सेंटिमीटर वाचतात. पण नकाशा काढणारा माणूस नंबरपॅडशिवाय जगू शकत नाही, भिंतीची प्रत्येक लांबी तिथूनच टाकली जाते. म्हणून आखूड कीबोर्ड आणि सुटा नंबरपॅड, तो डाव्या बाजूला. उजवा हात माउस सोडून आकडे टाकायला जाणं-येणंही त्यामुळे थांबतं. पहिला आठवडा चुका होतात, ७ च्या जागी ९ पडतो, माणूस वैतागतो. ते आधीच सांगून ठेवावं, नाहीतर तिसऱ्या दिवशी पॅड उजवीकडे आलेला दिसतो.

(माउसचा जनक डग्लस एंगलबार्टने १९६८ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत जे प्रसिद्ध प्रात्यक्षिक दिलं, त्यात उजव्या हाताला माउस आणि डाव्या हाताला पाच कळांचा छोटा संच होता. दोन्ही हातांना काम वाटून देण्याची कल्पना माउसच्याच वयाची आहे. माउस राहिला, पाच कळा गेल्या.)

टेबलाचं मोजमाप लवकर उरकलं. बसल्यावर कोपर जमिनीपासून ६६ सेंटिमीटर, टेबल ७४. खुर्ची ८ ने वर, पायाखाली तेवढ्याच उंचीचा पाट. मनगटाखालची जेलची उशी काढून टाकली. ती नेमकी मनगटाच्या मऊ भागाखाली येत होती, जिथून नस आणि कंडरा जातात. हात टेकायचाच असेल तर तळहाताचा मनगटाकडचा मांसल भाग टेकावा. तपासायला कागदाची पट्टी पुरते: माउस धरून काम करताना मनगटाखालून पट्टी सहज ओढता आली पाहिजे, अडकली तर मनगट दाबलं जातंय.

तीन बटणांचा पहिला माउस मागवला तो फसला, आणि चूक माझी. बटणं बघितली, पाठीची उंची बघितली नाही. डोळे मिटून हात वरून सोडायला सांगितलं तर तर्जनी मधल्या बटणाच्या कडेवर आणि करंगळी टेबलावर घासत होती. ही डोळे मिटायची चाचणी दुकानातही करता येते. हात सोडल्यावर बोटं न हलवता ज्या त्या बटणाच्या पुढच्या निम्म्या भागात पडली पाहिजेत, आणि करंगळी-अनामिकेला माउसच्या कडेला टेकायला जागा हवी. दुसरा माउस अंगाने लहान, १०.२ सेंटिमीटर. मधल्या बटणाला काट्यावर ७५ ग्रॅम. वजन थोडं जास्त वाटलं तेव्हा आत पेन्सिल सेल निघाला. अल्कलाइन सेल साधारण २३ ग्रॅमचा असतो, त्याच मापाचा लिथियम १५ चा. आठ ग्रॅम ऐकायला क्षुल्लक, पण दिवसातून शेकडो वेळा उचलून मागे ठेवायच्या वस्तूत ते जाणवतात.

मग वेग. १९२० ठिपक्यांचे दोन पडदे म्हणजे ३८४० ठिपके. सेन्सर ८०० डीपीआयवर असेल, म्हणजे माउस एक इंच हलला की कर्सर ८०० ठिपके जात असेल, तर या टोकाहून त्या टोकाला जायला हात १२.२ सेंटिमीटर हलवावा लागतो, १६०० वर ६.१. कमी डीपीआयवर माउस उचलून उचलून ठेवावा लागतो. जास्त डीपीआयवर कर्सर थरथरतो आणि तो थोपवायला पकड घट्ट होते, जे माणसाच्या लक्षातही येत नाही. बाईंना १२०० जमलं, म्हणजे ८ सेंटिमीटर. हा हिशेब विंडोजमधली वेगाची पट्टी अकरापैकी सहाव्या खाचेवर आणि कर्सरची अचूकता वाढवणारी (Enhance pointer precision) खूण काढलेली असतानाच खरा ठरतो. ती खूण असली की हात जोरात हलवल्यावर कर्सर प्रमाणाबाहेर धावतो. कागदपत्रांच्या कामात असू द्यावी, नकाशात नको. नकाशाबाहेरच्या कामासाठी क्लिकलॉकही चालू केलं: बटण क्षणभर दाबून सोडलं तरी ते धरलेलं मानलं जातं, मजकूर निवडायला किंवा फाइल ओढायला बोट दाबून ठेवावं लागत नाही.

नवा माउस पहिल्या दिवशी दोनच तास, मग रोज थोडा वाढवत आठवड्याने पूर्ण वेळ. चौथ्या आठवड्यात पुन्हा चित्रण केलं. दहा मिनिटांत पॅन ८८, म्हणजे काम तेवढंच. मधलं बोट मात्र बटणावर निवांत पडलेलं. कोपराखालचं दुखणं तोवर दुपारी जाणवेनासं झालं होतं. अंगठ्याला आणखी दीड महिना लागला आणि मध्ये एकदा फिजिओथेरपिस्टकडे जावं लागलं.

उभा माउस शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी मागून घेतला. त्यांचा पंजा मोजला, १९.६ सेंटिमीटर. कामाचं चित्रण केलं: दहा मिनिटांत चाक दाबणं शून्य वेळा. बोटं बटणाच्या टोकापर्यंत आरामात पोचत होती. मी नंबरपॅडकडे बोट दाखवलं, तर ते म्हणाले, "तेवढं पुढच्या खेपेला बघू."