आजीचं गोंदण परत आणताना: ब्राउझरमधल्या फोटो-दुरुस्तीचे दोन महिने

मागच्या नोंदीत तापीच्या पुलावरच्या फोटोतून विजेच्या तारा काढल्या होत्या. त्यानंतर दोन महिने घरातले जुने-नवे फोटो घेऊन बसले. सामान तेच आहे: 8 जीबी रॅमचा लॅपटॉप, क्रोम आणि फोटोपी, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणारं फोटो एडिटर. काहीही इन्स्टॉल केलेलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ आजीच्या फोटोने खाल्ला. लग्नानंतर जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला, पोस्टकार्डाएवढा, कोपऱ्याला वाळवी लागलेला. 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) स्कॅन केला तेव्हा साधारण 2100 बाय 3300 पिक्सेल मिळाले. चेहरा दुरुस्त करून देणाऱ्या एका फुकट साइटवर तो चढवला आणि वीस सेकंदांत फोटो नवा कोरा झाला. डोळे पाणीदार, गाल नितळ. मी खूश होऊन मोबाईल आजीसमोर धरला. तिने जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "हाई कोन शे वं माय?"

मला आधी कळेचना. मग ती म्हणाली, "मनं गोंदन कोठे गयं?"

कपाळावरची चंद्रकोर गेली होती. हनुवटीवरची 3 टिंबंही गेली होती. मशीनने ती डाग समजून पुसून टाकली होती. मी चार दिवस या फोटोकडे बघत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

असं का होतं ते शोधत बसले. चेहरे सुधारणाऱ्या अनेक एआय मॉडेलांना एफएफएचक्यू नावाच्या संग्रहावर शिकवलेलं असतं. त्यात फ्लिकर या फोटो-साइटवरून घेतलेले 70,000 चेहरे आहेत. हनुवटीवर तीन टिंबं गोंदलेली आपल्याकडची बाई त्यात कितीशी असणार? मॉडेलला जे फारसं दिसलेलं नाही, ते त्याच्या लेखी खराबी. दुसरी गोष्ट तर मला जास्त महत्त्वाची वाटते. अशी बरीच मॉडेलं चेहरा कापून 512 बाय 512 चा चौकोन करतात, त्यावर काम करतात आणि परत जागेवर चिकटवतात. माझ्या स्कॅनमध्ये नुसता चेहराच 900 पिक्सेलच्या आसपास होता. म्हणजे हातात असलेला खरा तपशील आपणच आधी बारीक करून टाकायचा आणि मग मशीनने अंदाजाने भरायचा. चेहरा मोठा आणि स्कॅन चांगला असेल तर हे हत्यार मुळात लावूच नये, असं माझं आता ठाम मत झालंय.

शेवटी जे जमलं ते असं. फोटोपीमध्ये खाली मूळ स्कॅन ठेवला, वर मशीनने दिलेला फोटो. वरच्या लेअरला (थराला) रास्टर मास्क लावला (त्यावर काळं रंगवलं की थराचा तेवढा भाग लपतो) आणि मऊ काळ्या ब्रशने अख्खा चेहरा मास्कवर रंगवून काढला. खालचा खरा चेहरा वर आला. गालावरून गेलेली एक घडी तेवढी राहिली होती. ती क्लोन स्टॅम्पने (शेजारचा भाग उचलून डागावर लावणारं हत्यार), 300 टक्के झूम करून, बोटभर बोटभर भरली. गोंदणाला हातसुद्धा लावला नाही. मशीनचं काम पदर, मागचा पडदा आणि वाळवीचा कोपरा एवढ्यापुरतंच ठेवलं. दोन संध्याकाळी गेल्या. प्रिंट हातात दिली तेव्हा आजीने आधी फोटोतल्या टिंबांवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या हनुवटीवर.

मावशीच्या सासरचा, बामणोदकडचा फोटो त्यामानाने लवकर झाला. थंडीतली भरीत पार्टी, शेतात पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) पेटवलेली, पुढे वांग्यांचा ढीग. फोटो कृष्णधवल. रंग भरणाऱ्या साइटला दिला तर तिने वांगी गडद जांभळी करून दिली! आपली भरिताची वांगी हिरवट-पांढरी, हातात मावणार नाहीत एवढी. 2016 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण कृष्णधवल फोटोत फक्त उजेड-अंधार असतो, रंग मशीन अंदाजाने घालतं, आणि वांगं म्हटलं की जगभर जांभळंच. उपाय सोपा आहे. रंगीत फोटो मूळ फोटोच्या वर ठेवायचा आणि ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा ते) 'कलर' करायचा. तपशील मूळ फोटोचा राहतो, वरून फक्त रंग येतो. त्याच्यावर आणखी एक रिकामा लेअर, तोही 'कलर'वर, आणि त्यात फिकट हिरव्याने वांगी हाताने रंगवायची. मावशीला व्हिडिओ कॉल लावून विचारत विचारत रंगवली. लुगड्यांचे रंगही तिनेच सांगितले. तिच्या सासूबाईंचं लुगडं हिरवं होतं, मशीनने करडं केलं होतं.

मधे एक साधं काम आलं होतं. वहिनी कळण्याच्या भाकरी आणि बिबड्यांच्या ऑर्डरी घेते, तिला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला फोटो हवे होते. बॅकग्राउंड काढणाऱ्या टूलने भाकरी सुबक कापून दिली, पण पांढऱ्यावर ठेवली की ती अधांतरी तरंगताना दिसायची. तेव्हा आमच्या चाळीसगावचे केकी मूस आठवले. मूस (1912–1989) टेबलटॉप फोटोग्राफीसाठी ओळखले जातात: टेबलावर साध्या वस्तू मांडायच्या आणि प्रकाशाच्या जोरावर त्यातून अख्खं दृश्य उभं करायचं. रविवारी त्यांच्या बंगल्यातलं संग्रहालय पुन्हा जाऊन बघितलं, या वेळी फक्त सावल्या बघायच्या असं ठरवून. वस्तू जमिनीवर टेकलीय हे डोळ्याला सावलीच सांगते. घरी येऊन भाकरीच्या लेअरची नक्कल काढली, काळी केली, ब्लर दिला, मोड 'मल्टिप्लाय' (खालचं गडद करणारा), ओपॅसिटी (थराचा ठळकपणा) 35 टक्के, आणि खिडकीच्या उलट बाजूला थोडी सरकवली. भाकरी टेकली.

ज्यांना घरच्या बायका-पोरांचे फोटो अनोळखी सर्व्हरवर पाठवायचे नसतील, त्यांच्यासाठी एक चाचणी सांगते. मी स्वतः आता ती केल्याशिवाय कुठलंही नवीन टूल वापरत नाही. पान पूर्ण उघडलं आणि मॉडेल उतरलं की वाय-फाय बंद करायचं आणि मग फोटो टाकायचा. काम झालं तर सगळं आपल्याच लॅपटॉपवर चाललंय, अडलं तर फोटो बहुधा बाहेर जातोय. क्रोममध्ये 2023 पासून वेबजीपीयू (ब्राउझरला लॅपटॉपची ग्राफिक्स चिप वापरू देणारी सोय) आल्यामुळे बॅकग्राउंड काढण्यासारखी कामं अशी घरच्या घरी होतात. पहिल्यांदा मॉडेल उतरायला वेळ लागतो एवढंच. फोटोपीचं नेहमीचं एडिटिंगही आपल्याच मशीनवर चालतं. आणि नातेवाइकांकडून फोटो मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा असं आवर्जून सांगा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून पाठवतं आणि पुढची सगळी मेहनत त्या चुरगळलेल्या पिक्सेलांवर होते.

पाट्यांच्या बाबतीत मात्र मी हरले. आजोबांच्या दुकानाचा फोटो मोठा करायला दिला की शिरोरेषा तुटते आणि खाली भलतीच अक्षरं उगवतात. तीन टूल्स बघितली, तिन्हींत तेच. पाटीची जागा मास्क करून मूळ फोटोतली धूसर पाटी तशीच ठेवलीय.

सध्या कानबाईचा, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवाचा, फोटो हातात आहे. श्रावणातली, विसर्जनाच्या सोमवारची मिरवणूक. 23 बायका, प्रत्येकीचा चेहरा जेमतेम 60 पिक्सेलचा. इथे चेहरा सुधारणारं मॉडेल लागणारच, पण ते नथ ओठात मिसळून टाकतं आणि कुंकू पसरवतं. म्हणून एकेक चेहरा वेगळा कापून, ओपॅसिटी 40 च्या वर न नेता, नथ आणि कुंकू मूळ फोटोतून मास्कने परत आणतेय. आतापर्यंत 6 झाले. सातवी कोण आहे हे घरात कुणालाच ओळखू येत नाहीये, म्हणून तिला तूर्त हात लावलेला नाही. आजीची धाकटी बहीण पारोळ्याहून येणार आहे, तिला मूळ फोटो दाखवीन.