गोळी दोनवरच

आईनं जन्मात विडी ओढली नाही, तरी कागदावर ‘सीओपीडी’ आलं, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागायचा जुनाट आजार. डॉक्टरांनी विचारलं, “चुलीपुढं किती वर्षं?” आई म्हणाली, “परकर नेसत होते तेव्हापासून.” आमचं गाव पाटणच्या वरच्या अंगाला. पावसाळ्यात लाकडं ओली, नि धूर जायला एक सरकवलेलं कौल.

आधी फुंकायची तपासणी. “जोरात, अजून, अजून” करताना तिला चक्कर आली. तिसऱ्या खेपेला जमलं. मग मनगटाच्या धमनीतून रक्त काढलं. हे फार दुखतं, आधी सांगून ठेवा. ऑक्सिजनचा दाब ५२ भरला. ५५ किंवा त्याखाली म्हणजे घरी हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र, रोज किमान १५ तास.

मिनिटाला पाच लिटरपर्यंत देणारं यंत्र भाड्यानं आणलं नि वाटलं, सुटलो. बोटाला लावायच्या चिमट्यावर ऑक्सिजनची पातळी ९० टक्के दिसायची. धाकट्यानं यंत्रावरच्या काचेच्या नळीतली, किती लिटर जातोय ते दाखवणारी गोळी दोनवरून चारवर नेली. आकडा ९७, सगळे खूश! आई मात्र दुपारभर पेंगायला लागली, सकाळी डोकं जड. डॉक्टर फोनवरच चिडले. तिला ८८ ते ९२ पुरे. जास्त दिला तर अशा रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. आता गोळी हलवायच्या बटणावर चिकटपट्टी आहे.

यंत्र साधारण ३५० वॉट खातं. १६ तासांचे रोज साडेपाच युनिट. महिन्याला शंभर युनिटच्या आत असणारं आमचं बिल पुढच्या टप्प्यात गेलं. दिव्यांग दाखल्यानं काही सवलत मिळेल म्हणून जिल्ह्याला हेलपाटा घातला, तर २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत फुप्फुसाचा आजारच नाही. दम लागून न्हाणीपर्यंत जाता येत नाही, याला काय म्हणायचं कोण जाणे. वीज गेली तर म्हणून सिलिंडर भरून ठेवलाय. त्याची किल्ली दोरीनं त्याच्याच गळ्यात बांधलीय. एकदा अंधारात अर्धा तास शोधली होती.

सगळ्यात जड गेलं ते निरांजन. ऑक्सिजनजवळ जाळ नको म्हटल्यावर आई दोन दिवस बोलली नाही. “देवाला अंधारात ठेवू?” शेवटी देव ओसरीवर आले. संध्याकाळी ती यंत्र बंद करते, नळी आत खुंटीला अडकवते, बाहेर येऊन दहा मिनिटं नुसती बसते, पदर झटकते, मग वात लावते. आरतीचं एकच कडवं, तेही मनातल्या मनात. घंटी मी वाजवतो.